जिंजीच्या माथ्यावर

राजगिरीच्या पायऱ्या संपता संपत नव्हत्या. सह्याद्रीतल्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना तामिळनाडूतला हा डोंगर परका वाटतो. नुसत्या प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळा, एकीवर एक कलंडलेल्या.

माथ्याच्या अलीकडे कडा दुभंगलाय. त्या खिंडारावर एक छोटा पूल आहे. तिथं मी बराच वेळ थांबलो. हा पूल काढून घेतला की माथा सगळ्या जगापासून तुटणार. सुरक्षित आणि एकटा, दोन्ही एकदमच.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली, तटबंदी मजबूत केली. बारा वर्षांनी राजाराम महाराज वेश पालटून पन्हाळ्याहून इथवर आले, ते अवघ्या १९ व्या वर्षी. थोरल्या भावाची क्रूर हत्या झालेली. वहिनी येसूबाई आणि लहानगा शाहू मागे रायगडावर. ते दोघं मोगलांच्या हाती पडल्याचं त्यांना इथं कधी, कुणी सांगितलं असेल? मोगलांनी जिंजीला घातलेल्या वेढ्याबद्दल, त्यांचा सरदार झुल्फिकारखान याच्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं. पण ती बातमी कळल्यावर त्या पोरसवदा राजाची रात्र कशी गेली असेल, हे मनातून जाईना.

त्यांचं येणं कुणी पळून जाणं म्हटलं की मला वाईट वाटतं. इथूनच त्यांनी राज्याचा कारभार चालवला, सनदा दिल्या. १६९८ मध्ये किल्ला पडला, तोवर ते निसटले होते.

खाली कल्याण महालाचा निमुळता मनोरा दिसत होता. तो उद्या बघायचा.