कुलाब्याच्या तटावरून

अलिबागेस जाऊन कुलाबा किल्ला पाहावयाचा असेल, तर आधी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. भरतीत किल्ला बेट होतो. ओहोटीत किनाऱ्यापासून त्याच्या दारापर्यंत ओल्या वाळूची वाट उघडी पडते. घोडागाड्या जातात, परंतु पाण्यातून गाडी ओढणाऱ्या त्या मुक्या जिवांकडे पाहून आम्ही पायीच निघालो. सोबत बारा वर्षांचा नातू होता. इंकांचा राजा आताहुआल्पा याची गोष्ट त्याने नुकतीच वाचली होती, आणि मांडव्याच्या लाँचपासून त्याचा एकच प्रश्न चालू होता : एवढ्या मोठ्या राजाला मूठभर परके कसे धरू शकले?

खरोखर ते मूठभरच होते. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूतील काहामार्का येथे पिझारोच्या १६८ माणसांनी हजारोंच्या समुदायातून त्या राजास पकडले. त्याने खंडणी म्हणून एक दालन सोन्याने भरून देण्याचे कबूल केले, सोने आलेही. तरी पुढच्या वर्षी त्याचा वध झाला. बंदुका आणि घोडे हे कारण सर्वच सांगतात. पण पिझारो पोहोचला तेव्हा आताहुआल्पा आणि त्याचा सावत्र भाऊ हुआस्कार यांचे गादीवरून झालेले युद्ध नुकतेच संपत होते. कैदेत असतानाही आताहुआल्पाने भावाला ठार करविले, हे नातवाच्या पुस्तकात नव्हते.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली आरंभिले. त्यास वैभव आले ते सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे मंदिर आहे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. तटावर गाड्यांवर चढविलेल्या दोन इंग्रजी तोफा समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या मागाहून आलेल्या, आंग्र्यांच्या नव्हेत.

इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटले. कारण काय, तर दस्तक घेतल्यावाचून या किनाऱ्यावरून कोणाचेही व्यापारी जहाज जाऊ नये, असा त्यांचा आग्रह. हाच नियम पोर्तुगीज आपल्या कार्ताझच्या नावाने दोन शतके इतरांवर लादीत आले होते! तोच त्यांच्यावर उलटला, तेव्हा चौलचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज एक झाले. १७२१ च्या अखेरीस दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. पेशवे पहिले बाजीराव घोडदळ घेऊन मदतीस आले, पोर्तुगीजांनी तह करून अंग काढून घेतले आणि एकट्या इंग्रजांना हात हलवीत मुंबईस परतावे लागले. सात वर्षांनी, ४ जुलै १७२९ रोजी, कान्होजी निवर्तले, ते अजिंक्यच.

मग घरात फूट पडली. थोरले सेखोजी १७३३ साली वारले, आणि संभाजी व मानाजी या भावांत वितुष्ट आले. ज्या पोर्तुगीजांना वडिलांनी या तटापासून परतविले, त्यांचेच साहाय्य मानाजींनी भावाविरुद्ध घेतले. अखेर पेशव्यांनी घराण्याची वाटणी करून दिली : कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे. संभाजींनंतर तुळाजी आले. त्यांनी पेशव्यांचा अधिकार मानला नाही, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि बंदिवासातच त्यांचा अंत झाला. तुळाजींचा उद्दामपणा मी नाकारीत नाही. तथापि मराठ्यांचे एवढे आरमार परक्यांच्या हातून जाळविणे हा व्यवहार मला आजही पटत नाही.

कुलाब्याची शाखा पुढे टिकली. १८४० साली वारस नाही या सबबीवर इंग्रजांनी तेही संस्थान खालसा केले. त्या वेळी एक गोळीदेखील झाडावी लागली नाही.

"म्हणजे इथेही भाऊच," नातू म्हणाला. मी मान हलविली. त्याचा धाकटा भाऊ त्या वेळी पुष्करणीच्या पायरीवर बसून त्याच्याच वाटणीची चिक्की खात होता. ते लक्षात येताच स्वारी तिकडे धावली.

परतताना वाळूची वाट अरुंद झाली होती. गावातील कान्होजींच्या समाधीपाशी पोहोचलो तेव्हा सायंकाळ होत आली होती. मुंबईतील नौदलाच्या तळाला आज आय. एन. एस. आंग्रे हे नाव आहे, एवढे मी मुलांना तेथे सांगितले. धाकट्याने विचारले, तुळाजींची समाधी कुठे आहे? मला उत्तर देता आले नाही.