उक्तं नको, मोजून द्या

मला फक्त एक टेबल हवं होतं.

घरून काम करणाऱ्या कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा, पाठ नेमकी कुठे दुखते ते. बेडवर मांडी, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप, या थाटात मी तीन वर्षं काढली. शेवटी एका वेबसाइटवरून झोकात ‘शीशम फिनिश’ टेबल मागवलं. फोटोत एकदम सॉलिड! पावसाळा आला आणि टेबलाचा एक कोपरा चहात बुडवलेल्या पावासारखा टम्म फुगला. ‘फिनिश’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कळला. शीशम फक्त वरच्या कागदापुरतं. आत सगळा दाबून बसवलेला भुसा.

आमच्या सोसायटीत फर्निचरची कामं करणारे मिस्त्री ते बघून गालातल्या गालात हसले. म्हणाले, “ताई, सागवानात करून देतो. मजुरी माझी, लाकूड तुम्ही आणा.” आणि एका जुन्या बिलाच्या पाठीवर त्यांनी यादी लिहून दिली. ‘३ बाय ३, अडीच फूट, ४ नग. ६ बाय १, साडेचार फूट, ४ नग. ३ बाय १, एकूण १२ फूट.’ खाली अधोरेखित करून एकच पत्ता, ‘टिंबर मार्केट’.

अख्खं आयुष्य पुण्यात गेलं, पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आपला रस्ता मॉलकडे, तिकडे कोण जाणार? गल्लीत शिरल्याबरोबर आधी येतो तो वास. ओल्या लाकडाचा, ताज्या भुशाचा. मग कानात घुसते ती करवतीची किंकाळी. मी एका वखारीत शिरले आणि कॉफी शॉपच्या कॉन्फिडन्सने विचारलं, “सागवान काय भाव?”

गल्ल्यावरच्या कच्छी शेठनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठलं सागवान, बेटा?”

घाना, नायजेरिया, इक्वेडोर, बर्मा, बल्लारशा. मेन्यू कार्ड कॉफीपेक्षा मोठं निघालं! त्या दिवशी त्यांच्याकडे आफ्रिकन माल अडीच हजारांच्या आत-बाहेर होता आणि बल्लारशाचा त्याच्या जवळपास दुप्पट. अडीच हजार कशाचे? फुटाचे? किलोचे? “सीएफटीचे,” शेठ म्हणाले. म्हणजे घनफुटाचे.

दहावीनंतर मी गणिताशी काडीमोड घेतला होता. शेठनी पाच मिनिटांत पुन्हा संसार मांडून दिला. फंडा सोपा आहे. लांबी फुटात घ्यायची, रुंदी आणि जाडी इंचात. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. झाला घनफूट. माझे चार पाय ०.६२, वरच्या फळ्या ०.७५, पट्ट्या ०.२५. एकूण १.६२ सीएफटी. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

“सव्वादोन घ्या,” शेठ म्हणाले. मी लगेच सावध. आला हा फसवायला!

पण तो हिशोबही त्यांनी मांडून दाखवला. सुताराच्या भाषेत एका इंचात आठ सूत. करवत जाता-येता साधारण एक सूत लाकूड खाते, त्याचाच भुसा होतो. मग रंधा दोन्ही बाजूंनी एकेक सूत काढतो. म्हणजे एक इंचाची म्हणून घेतलेली फळी टेबलावर बसते तेव्हा सहा सुतांची, पाऊण इंचाची असते. शिवाय एखादी गाठ निघते, टोकाला चीर निघते, कडेला पांढरा भाग निघतो. तो पांढरा भाग म्हणजे झाडाचं बाहेरचं, कच्चं लाकूड. कीड आधी तिथेच लागते. टिकतो तो आतला सोनेरी-तपकिरी गाभा. हे फक्त आपल्याकडेच, असंही नाही. अमेरिकेत दुकानात ‘टू बाय फोर’ मागा, हातात येतं ते दीड बाय साडेतीन इंच. नाव कापतानाच्या मापाचं आणि वस्तू रंधून, सुकून उरलेली. सांगायचं ते माप वेगळं आणि मिळायचं ते वेगळं, हे जगभर चालतं. फक्त ते विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

गोल ओंडक्याचा हिशोब तर त्याहून भारी. ओंडक्याचा घेर मोजायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. म्हणजे गोल लाकूड चौकोनी आहे असं समजून मोजायचं! दहा फूट लांब आणि साठ इंच घेराचा ओंडका या पद्धतीने साडेपंधरा घनफूट भरतो. भूमितीच्या पुस्तकाने मोजला तर जवळजवळ वीस. मधलं लाकूड गेलं कुठे? सालीत आणि कडेच्या फळकुटांत. ओंडका चौकोनी कापताना ते जाणारच, म्हणून आधीच सोडून द्यायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज माणसाने १७३६ मध्ये याची कोष्टकं छापली. आपल्याकडे ओंडके अजूनही या पाव घेराच्या हिशोबाने मोजले जातात.

“आणि हे सगळं घानाहून का येतं? आपल्याकडे सागवान नाही?” मी विचारलं. पत्रकाराची खोड, दुसरं काय!

आहे की. शनिवारवाड्याला सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, असं सांगतात. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून सागवान गेलं. पण जंगलातलं झाड तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात आणि मागणी मात्र दर दिवाळीला वाढते. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राने मंजूर केलेल्या आराखड्याशिवाय जंगलात तोड करायची नाही, असा आदेश दिला. जंगलासाठी ते गरजेचंच होतं. मग बाजाराने परदेशाकडे तोंड वळवलं. २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि ज्याला आपले आजोबा कौतुकाने ‘बर्मा टीक’ म्हणायचे, ते दुर्मीळ झालं. आता आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा माल बोटीने कांडल्याला उतरतो, गांधीधामच्या गिरण्यांत कापला जातो आणि ट्रकने आपल्यापर्यंत येतो. त्यात पुष्कळदा कमी वयाची झाडं. घेर लहान, पांढरा भाग जास्त. म्हणून लांब आणि रुंद तुकड्याचा सीएफटीमागे भाव जास्त आणि बारीक पट्ट्यांचा कमी. मापाबरोबर झाडाच्या वयाचेही पैसे मोजायचे.

“खरा माल आता जुन्या घरांतच,” शेठ म्हणाले. “जंगलातलं जुनं झाड, शंभर वर्षं सुकलेलं. असं लाकूड आलं की मी अठ्ठावीसशेला विकतो. पण येतं कुठे?”

आणि माझ्या पोटात धस्स झालं.

कारण आदल्याच रात्री बाबांचा फोन झाला होता. भोरजवळचं आमचं गावचं घर उतरवायचं ठरलं होतं. आजी गेल्यापासून तिथे कुणी राहत नाही, मागची भिंत गेल्या पावसात बसली. बाबा, मोठे काका आणि धाकटे काका, तिघांचं एकमत झालेलं (हेच मुळात ऐतिहासिक!). पाडकामवाला सगळं लाकूड सत्तर हजारांना घेणार होता. कसं? बाबांचा शब्द होता, “उक्तं.”

उक्तं म्हणजे मोजमाप नाही. एक नजर टाकायची, एक आकडा बोलायचा आणि हातावर हात.

शनिवारी मी टेप घेऊन बाबांबरोबर गावी गेले. बाबा गाडीत एकच वाक्य बोलले, “शब्द दिलाय मी.” पुढे भोर येईपर्यंत आमच्यात फक्त रेडिओ बोलत होता.

घरात शिरले आणि पहिल्यांदाच त्या घराकडे लाकूड म्हणून बघितलं. ज्या खांबांभोवती लपाछपी खेळलो ते बारा खांब, सात बाय सात इंचाचे, नऊ फुटी. नऊ तुळया, आठ बाय सहा, चौदा फूट लांब. वर माडीच्या चाळीस कड्या, चार बाय तीन, दहा फुटी. मी आकडे सांगत होते आणि बाबा, मूग गिळून का होईना, टेपचं दुसरं टोक धरत होते. मधल्या घरातल्या तुळईपाशी त्यांनी टेप सोडला. तिच्यात लोखंडी कडी होती. “पाळण्याची,” बाबा म्हणाले. “आम्ही तिघं इथेच झोपलो. तूसुद्धा, दोन महिने.”

ओट्यावर बसून मी बेरीज केली. एकशे बारा घनफूट. गुणिले अठ्ठावीसशे. तीन लाखांच्या वर! मी मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी आकडा बघितला आणि आधी चश्मा काढून पुसला.

रविवारी सकाळी पाडकामवाले काका आले. मी वही घेऊन युद्धाच्या तयारीत. बाबांची मान खाली. त्या माणसाने माझा हिशोब शांतपणे वाचला. मग हातोडी घेऊन उठले आणि म्हणाले, “माप बरोबर आहे, ताई. आता लाकूड बघू.”

पुढचा एक तास माझ्या कॉन्फिडन्सचं पाडकाम चाललं होतं. माडीच्या चाळीस कड्या? सागवान नाहीच, ऐन. जुन्या घरांत वरच्या कामाला बऱ्याचदा जवळपासचंच लाकूड वापरायचे. म्हणजे तेहतीस घनफूट सागवानाच्या हिशोबातून बाद. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं त्यांनी हातोडीने ठोकली. बद्द आवाज. आतून कुजलेली. खांबांत जागोजागी खिळे. एक खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात. एकोणऐंशी घनफूट सागवानातून, त्यांच्या मते, विकण्याजोगं साठही निघणार नव्हतं. उतरवायची मजुरी आणि ट्रकभाडं त्यांच्या अंगावर. आणि अठ्ठावीसशे हा वखारीतला विकायचा भाव, त्यांना मिळणारा नाही.

“मग सत्तर बरोबर होते?” मी विचारलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. “नाही. पण उक्त्यात आम्हीपण आतलं न बघता घेतो. सडकं निघालं तर आमचं जातं. म्हणून कमी बोलतो.”

मला तेव्हा उक्त्याचा खरा अर्थ कळला. उक्तं म्हणजे दोघांनी मिळून डोळे मिटणं. त्यात धंद्यात मुरलेला माणूस सहसा बुडत नाही. बुडतो तो ज्याच्याकडे टेप नसतो. आणि नुसता टेप असून चालत नाही, हेही मला त्याच सकाळी कळलं होतं.

शेवटी प्रत्येक नग ठोकून, मोजून, वहीत मांडून पंच्याण्णव हजार ठरले. आणि पाळण्याची तुळई आमची. तिच्यावरून मात्र खरी घासाघीस झाली. कारण सगळ्यात सरळ, सगळ्यात निरोगी लाकूड तेच होतं. ते म्हणाले, ती सोडून बाकीचं काय घेऊ? तेव्हा दोन दिवस गप्प असलेले बाबा बोलले. “मी सत्तरचा शब्द दिला होता. तुम्ही पंच्याण्णव देताय, तुमचा मोठेपणा. हवं तर नव्वद द्या. पण ती तुळई देणार नाही.”

त्यांनी पंच्याण्णवच दिले.

तुळई टिंबर मार्केटमध्ये त्याच शेठकडे कापून घेतली. करवत फिरली आणि दुकानभर वास सुटला, चामड्यासारखा, तेलकट, उबदार. आतलं लाकूड मधासारखं. कडी होती तिथे लोखंडाचा काळा डाग खोलवर उतरलाय. मिस्त्री म्हणाले, ती फळी खाली लावू, दिसणार नाही. मी म्हटलं, वरच लावा. अगदी मध्यभागी.

हा लेख त्याच टेबलावर लिहिलाय. परवा बाबा आले होते. त्यांनी चहाचा कप डागाच्या बाजूला ठेवला (डागावर नाही, हे मी पाहिलं), हात फळीवरून फिरवला आणि खिशातून चक्क टेप काढला! नवा कोरा. फळीची जाडी मोजली.

“सहा सूत,” म्हणाले. “बरोबर आहे. रंधा मारल्यावर एवढीच उरायची.”