बिनपाण्याची उकड

१९८४ साली लग्न होऊन मी वसईहून नागपूरला, सदरमध्ये आले, तेव्हा आईने माझ्या पेटीत साड्यांच्या घड्यांमध्ये बॉटल मसाल्याच्या दोन बाटल्या गुंडाळून दिल्या होत्या. ‘तिकडे दर्या नाही बाय, मसाला तरी असू दे,’ असे ती म्हणाली होती. मुंबईपासून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर. एवढे अंतर कापून गाडीतून उतरले, तेव्हा प्रथम जाणवला तो हवेचा कोरडेपणा. आमच्या वसईला वारासुद्धा खारट. येथे वाळत घातलेले धोतर तासाभरात कडकडीत होते. ज्या शहरात देशाच्या मध्याची खूण म्हणून झिरो माइलचा दगड दाखवतात, तेथून दर्या कोणत्याही दिशेला जवळ नसणार, हे मी हळूहळू स्वीकारले. आमच्या कोलंबीला येथे झिंगे म्हणतात, हेही शिकले. वर्षे उलटत गेली, तसे माझ्याही तोंडी झिंगे हाच शब्द बसला.

सदरमधले आमचे घर जुने, कौलारू. कॅथेड्रलची घंटा अंगणात स्पष्ट ऐकू येते. पुढच्या अंगाला आम्ही राहतो, मागच्या अंगाला माझे धाकटे दीर. सासरे होते तोवर अंगण एकच होते. ते गेल्यावर घर विकायचे की राखायचे, यावरून दोघा भावांत वितुष्ट आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ साली अंगणाच्या मधोमध पाच फुटांची भिंत उभी राहिली. भिंतीचे काम चालू असताना भावजी एकदा काही समजुतीचे बोलायला पुढच्या दारी आले होते. त्यांना उंबऱ्यावरच उभे ठेवून मी म्हणाले, ‘तुमचा वाटा मिळाला ना? मग आता हा उंबरा विसरा.’ दाव्याच्या कागदांत हे वाक्य कोठेही नाही. मला मात्र ते पाठ आहे. त्यानंतर भावजी आपल्या आईला भेटायला रोज संध्याकाळी येत राहिले, ते बाजूच्या दाराने. आमच्याशी बोलणे राहिले नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये आमची लेक तीन आठवड्यांच्या रजेवर आली. ती अमेरिकेत लुइझियाना राज्यातील लाफायेत या गावी परिचारिका आहे. आल्या दिवसापासून तिच्या तोंडी तिकडच्या एका उकडीचे वर्णन होते. परसात शेगडीवर तीस-चाळीस लिटरचे पातेले चढते. पाणी, मीठ, तिखट, लिंबे, लसणाचे अख्खे गड्डे आणि तमालपत्र यांना उकळी आली की आधी बटाटे, मग मक्याची कणसे आणि सॉसेजचे तुकडे, आणि अगदी शेवटी कोलंबी, खेकडे किंवा क्रॉफिश घालतात. क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला जीव, दिसायला चिमुकल्या शेवंडीसारखा. मग पातेले निथळून सगळा ढीग लांबच लांब मेजावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर ओततात. ताटे नाहीत, चमचे नाहीत. सगळ्यांनी भोवती उभे राहून हातांनी सोलायचे आणि खायचे.

‘आणि आई, तिकडे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात,’ असे लेकीने सांगितले, तेव्हा सासूबाईंना फार गंमत वाटली. अमेरिकेच्या इतर बहुतेक राज्यांत ज्याला काउंटी म्हणतात, त्याला लुइझियानात आजही पॅरिश हेच नाव आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीतील धर्मग्रामांची ती आठवण. अशा चौसष्ट पॅरिश त्या राज्यात आहेत. तेथील केजन लोकांची कथा मात्र गमतीची नाही. आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कॉशियाच्या परिसराला पूर्वी अकेडिया म्हणत. तेथील फ्रेंच भाषिक कॅथलिक शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारांतून हुसकावून गलबतांवर चढवले. कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. त्यांतील काही पुढच्या दहा-बारा वर्षांत लुइझियानाच्या दलदलीत येऊन स्थिरावली. अकेडियन या शब्दाचाच अपभ्रंश होऊन केजन झाले. ही उकड त्यांच्याच वंशजांच्या परसात रुजली, आणि क्रॉफिशचा भर हंगाम उपवासकाळाच्याच सुमारास येत असल्यामुळे शुक्रवारची मेजवानीही होऊन बसली. मासळीत काय काय मोडते, हा प्रश्नही तेथील भाविक मोठ्या गंभीरपणे विचारतात. सुसरीच्या जातीच्या अ‍ॅलिगेटरचे मांस उपवासकाळात शुक्रवारी चालेल का, असे एकाने विचारले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या महागुरुस्वामींनी २०१० साली पत्राने कळवले होते, की अ‍ॅलिगेटर मासळीच्याच वर्गात धरला जातो. हे ऐकून आमचे हे म्हणाले, ‘मग आपल्याकडे कोंबडीने पोहायला शिकायला काय हरकत आहे?’

लेकीला ती उकड आम्हांला खाऊ घालायची होती. पण तीस लिटरचे पातेले आणायचे कोठून, आणि आणले तरी खाणार कोण? घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि पाहुणी आलेली लेक. ‘तिकडेही ज्यांची घरे लहान, माणसे थोडी, ती हेच ओव्हनमध्ये करतात,’ असे ती म्हणाली. नाताळच्या केकसाठी घेतलेला आमचा ओव्हन वर्षाचे अकरा महिने झाकूनच असतो. त्याच्यावरचे कापड काढताना माझ्या मनात आले, की परसातले पातेले आटत आटत एका ट्रेएवढे झाले, ते आपल्या घरांसारखेच. माझ्या माहेरी पंगतीला वीस पाने असत.

मंगळवारी बाजारात मासळीवाल्याने बर्फातून काढून दिलेले झिंगे मोठे होते, आंध्रातल्या तळ्यांतून आलेले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली विशाखापट्टणमच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला, हे मला तेथेच आठवले. म्हणजे मिशनरी आले त्याच अंगाने हे झिंगेही आले म्हणायचे. एक किलो घेतले. खेकडे होते, पण हलत नव्हते. जिवंत नसलेला खेकडा घरात आणायचा नाही, हा माझ्या आईचा नियम, तो मी सदरमध्येही मोडला नाही.

करण्याची रीत सोपी आहे. क्रम तेवढा सांभाळावा लागतो. झिंग्यांची कवचे काढायची नाहीत. पाठीवर कात्रीने चीर देऊन काळा दोरा ओढून टाकायचा, धुऊन कोरडे करून गार जागी ठेवायचे. ओव्हनमध्ये पाण्याची उकळी नसल्यामुळे बटाटा आणि मका झिंग्यांबरोबर शिजत नाहीत. म्हणून अर्धा किलो लहान बटाटे मिठाच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटे अर्धेकच्चे उकडून घ्यायचे आणि तीन कणसांचे तुकडे त्यात शेवटची पाच मिनिटे टाकायचे. दीडशे ग्रॅम लोणी वितळवून त्यात ठेचलेला लसूण, लिंबाचा रस, मिरपूड आणि तिखट मसाला मिसळायचा. लेक तिकडचा मसाला आणायला विसरली होती. मी माझी बाटली काढली. वीसहून अधिक जिन्नस भाजून, कुटून, उन्हाळ्यात काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला आमचा बॉटल मसाला अजूनही दरवर्षी माहेरून येतो. बटाटे, मका, कांद्याच्या फोडी आणि अख्खे लसूण यांना निम्मे लोणी चोळून ट्रे फॉइलने घट्ट बंद करायचा आणि दोनशेवीस अंशांवर पंधरा मिनिटे ठेवायचा. मग फॉइल सांभाळून उघडायची, कारण वाफ एकदम हातावर येते. झिंगे उरलेल्या लोण्यात घोळून वर पसरायचे आणि पुन्हा बंद करून दहा-बारा मिनिटे ठेवायचे. झिंगा लालसर होऊन चंद्रकोरीसारखा वळला की झाला. पार वेटोळे झाले तर तो चामड्यासारखा चिवट होतो.

ट्रे आत गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की ही रीत आपल्याला परकी नाही. माझी एक मावशी अलिबागकडे दिलेली. तिच्याकडे थंडीत शेतावर पोपटी लावत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरून तोंड पाल्यानेच बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. जिन्नस आपल्याच अंगच्या वाफेत शिजतात आणि एकमेकांची चव घेतात. त्यासाठी तोंड मात्र घट्ट बंद राहावे लागते आणि वेळ झाली की उघडावेही लागते. पोपटी उघडली की शेजारच्या शेतांवरून हाका न मारताच माणसे येत.

हे सारे चालले होते तो शुक्रवार होता. सॉसेज म्हणूनच वगळले होते. एवढे पथ्य पाळले याचे मला समाधानही होते. सासूबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही परतलो तेव्हा घरभर लसणाचा आणि लोण्याचा वास दरवळत होता. लेकीने मेजावर वर्तमानपत्र अंथरले. सासूबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारले, ‘हा उपवास आहे का?’

‘आजी, मासळी चालते ना,’ लेक म्हणाली.

‘मासळी चालते, ते मला ठाऊक आहे. माझी आई शुक्रवारी सुक्या बोंबलाचे कालवण करायची. घरात तेवढेच असायचे. तुम्ही सकाळपासून राबून, लोणी ओतून जे केले आहे, ते चांगलेच असणार. उपवास कशाचा झाला, ते मला कळेना.’

कोणी काही बोलले नाही. लेकीचा चेहरा उतरला. ते पाहून सासूबाईंचा स्वर मऊ झाला. ‘पोरी, मी खाणार आहे. तू एवढ्या लांबून येऊन केलेस. झिंगे किती आहेत?’

‘एक किलो,’ मी म्हणाले.

‘चार तोंडांना एक किलो? अर्धे मागे जाऊ दे.’

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी उगाच नीट केली. लेक उठून म्हणाली, ‘मी देऊन येते, आजी.’ काका-पुतणीत काही वाकडे नव्हते. आल्या दिवशीच ती मागे जाऊन आली होती. सासूबाईंनी तिला हाताने खाली बसवले आणि माझ्याकडे पाहिले. ‘ती नको. तू जा.’

त्या उंबऱ्यावर मी काय बोलले होते, ते त्यांनी आतल्या खोलीतून ऐकले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. त्या क्षणी विचारण्याची गरजही उरली नाही. अर्धा भाग लहान ट्रेमध्ये काढला, वर फॉइल लावली. पंधरा पावलांचे अंतर, पण भिंतीमुळे रस्त्यावरून वळसा घालून जावे लागते. सहा वर्षांत त्या फाटकातून मी आत गेले नव्हते. हातातला ट्रे ऊन होता, आणि वाटेत कोणी भेटू नये असे मला वाटत होते, इतकेच आठवते.

दार भावजींनीच उघडले. केस पार पांढरे झाले होते. रोज बाजूच्या दाराने येणाऱ्या माणसाकडे मी इतकी वर्षे नीट पाहिलेच नव्हते. ‘आईंनी पाठवले आहे,’ असे मी म्हणाले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. म्हणून पुढे म्हणाले, ‘भावजी, त्या दिवशी उंबऱ्याचे बोलले, ते मी बोलायला नको होते.’

त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे घेतला. थोडा वेळ गेला. ‘गरम आहे, वहिनी,’ एवढेच ते म्हणाले आणि आत वळले. मी परत आले.

मेजाभोवती आम्ही चौघे उभे राहून, सासूबाई तेवढ्या बसून, हातांनी सोलून जेवलो. बॉटल मसाला लोण्यात असा मुरतो हे मला ठाऊक नव्हते. बटाटे सर्वांत चविष्ट लागले, कारण झिंग्यांचा सारा रस त्यांनी प्याला होता. सासूबाईंनी दोन झिंगे आणि एक बटाटा खाल्ला आणि लेकीला सांगितले, ‘तुझ्या त्या लोकांना म्हणावे, छान आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या डोक्यावर ट्रे ठेवलेला होता. लख्ख घासलेला, आणि त्यात सात संत्री. शेजारून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही सासूबाईंचीच शिकवण. ती दोन्ही मुलांना मिळाली आहे.

लेक आठवड्याभराने परत गेली. दावा चालूच राहिला. ह्यांचे आणि भावजींचे बोलणे सुरू झाले, असे मी म्हणणार नाही. दोघेही वडिलांवर गेले आहेत. ईस्टरला मी तीच उकड पुन्हा केली आणि सणाचा दिवस म्हणून सॉसेजही घातले. बाजारात मासळीवाल्याने ‘एक किलो ना?’ असे विचारत तराजूत वजन टाकले, तेव्हा मी त्याला थांबवले आणि दोन किलो तोलायला सांगितले.