मेथ्या, खोबरेल आणि माझं बदललेलं मत

स्वयंपाकघरातलं काहीही केसांना लावू नका, असं निपाणीत पार्लर चालवताना मी बरीच वर्षं ठासून सांगत आले. आज कोरड्या केसांची तक्रार घेऊन बाई आली की मी आधी विचारते, घरात खोबरेल आहे का, मेथ्या आहेत का. हा बदल कसा झाला ते मोकळेपणानं सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून काही जणींनी आपल्या आईची, सासूची रीत सोडली होती.

माझ्या विरोधाला दोन कारणं होती, आणि दोन्ही मला आजही क्षुल्लक वाटत नाहीत. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या धंद्यात आले. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला पोषण कसलं देणार? अंड्यातली प्रथिनं केसाच्या आत शिरण्याइतकी लहान नसतात. केळ्यातली जीवनसत्त्वं वरून चोपडून केसाला मिळत नाहीत. हे सगळं आजही तितकंच खरं आहे.

दुसरं कारण मनाला लागणारं होतं. माझ्याकडे येणाऱ्यांत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका पुष्कळ. पुण्या-मुंबईच्या बाईला बाटलीतलं कंडिशनर आणि आमच्या बाईला घरातलं उरलंसुरलं दही, हा भेद मला सहन होत नव्हता. तिनंही चार पैसे बाजूला टाकून चांगली बाटली घ्यावी, असं मला मनापासून वाटायचं.

निपाणीबाहेरच्या वाचकाला वखारीतलं काम माहीत नसेल. तंबाखू चाळताना जो खकाणा उडतो तो डोळ्यांत, घशात जातोच. डोकं फडक्यानं कितीही घट्ट बांधलं तरी तो केसांच्या मुळांपर्यंत पोचतो आणि घामात बसतो. याच बायका संघटित झाल्या, हक्कासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्यावर १९८२ साली ‘युगांतर’ या गटानं माहितीपटही केला. पण मजुरीचाच प्रश्न इतका मोठा होता की केसांचं दुखणं कुणाकडे सांगण्याजोगं वाटलंच नाही. कामावरून आल्यावर डोकं धुतल्याशिवाय चैन पडत नाही आणि धुवायला हाताशी असतो तो अंगाचा साबण, नाहीतर कपड्याचा. त्यात कित्येक घरी बोअरचं जड पाणी. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, त्यात साबणाचा फेसही धरत नाही. पांढरा साका तेवढा होतो आणि केसांवर चिकटून राहतो.

केसाचा वरचा थर म्हणजे एकावर एक बसलेले बारीक खवले, आपल्याकडच्या जुन्या घरांवरच्या कौलांसारखे. साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. त्या अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, खवले उचकटतात. ओला केस फुगतो, वाळताना आकसतो, आणि हे रोज होत राहिलं की खवल्यांच्या कडा तुटतात, आतलं प्रथिन झिजून पाण्याबरोबर जातं. मग फणी अडते, टोकांना फाटे फुटतात.

अशाच कामावरची एक मावशी माझ्याकडे मुलीला घेऊन आली होती. मुलीचे केस राठ, आणि मावशीची वेणी मात्र हातातून सरकेल इतकी मऊ. मी विचारलं, मावशी, डोक्याला काय लावता तुम्ही? त्या म्हणाल्या, “धुवायच्या आधी खोबरेल लावतो बघ. आन् आयतवारी मेथ्या.” आमच्या भागात बायका असंच ‘लावतो’ म्हणतात.

धुवायच्या आधी, हे मी घोळवत राहिले. तेल धुतल्यावर लावायचं, केस चमकायला, एवढाच विचार मी केला होता. धुण्याआधी लावलेलं तेल साबणानं निघूनच जाणार, मग ते वाया नाही का? उत्तर शोधायला लागले तेव्हा मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि मोहिले यांचं २००३ सालचं संशोधन हाती लागलं. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल, तिन्हींची त्यांनी तुलना केली होती. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर, दोन्ही वेळा लावून केसातून किती प्रथिन निघून जातं ते मोजलं. ही झीज ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलानं. कंपनी खोबरेलच विकते, तेव्हा मनात शंका आली. पण २००१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या टीआरआय संस्थेतल्या संशोधकांबरोबर झालेल्या तपासणीत खोबरेल केसाच्या आत शिरलेलं प्रत्यक्ष दिसलं होतं, खनिज तेल शिरलं नव्हतं. कारणही पटण्यासारखं आहे. खोबरेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. त्याची साखळी लहान आणि सरळ, केसातल्या प्रथिनाशी जुळणारी. ते आत जाऊन बसलं की केस पाणी कमी शोषतो आणि कमी फुगतो.

इथे माझं मत फिरलं. केस निर्जीव आहे हे खरंच, पण निर्जीव वस्तूही जपता येते. केसाच्या पोटात काय जातं हे मी विचारत होते. मावशी केसाचं काय जाऊ द्यायचं नाही ते बघत होत्या.

मग मेथ्यांकडे वळले. दोन चमचे मेथ्या कपभर पाण्यात रात्री भिजवल्या. सकाळी त्या फुगून दुप्पट झालेल्या, पाणी पिवळसर आणि बोटांत तार धरणारं. तशाच वाटून लावल्या तर कण केसांत अडकतात, वाळल्यावर झटकताना नाकी नऊ येतात. म्हणून वाटण मलमलच्या फडक्यात घालून पिळायचं. खाली उतरतो तो गुळगुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस. तो ओलसर केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावून अर्ध्या तासानं नुसत्या पाण्यानं धुवायचा. मेथीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, ते सोसायला लागतं. हा बुळबुळीतपणा मेथीतल्या गोंदाचा. गवारीच्या बियांतला गोंद याच कुळातला, आणि त्यावर धन विद्युतभार चढवून तो शांपूत घालतात. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो, त्यामुळे बाटलीतला पदार्थ केसाला चिकटून बसतो. मेथीच्या रसाला तो भार नाही, त्याचा थर पुढच्या धुण्यात जातो. त्या बाबतीत बाटली सरस आहे आणि ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर वापरावी. पण गुंता सोडवायला, फणी न अडता फिरायला मेथ्या पुरतात.

आंबट ताकाचंही तसंच. साबणानं धुतल्यावर पाणी घालून पातळ केलेलं ताक केसांवरून सोडलं की त्यातलं लॅक्टिक आम्ल उरलेला अल्क मारतं, उचकटलेले खवले बसतात. नंतर साधं पाणी भरपूर घ्यायचं. साबणाऐवजी शिकेकाई वापरली तर उत्तमच, तिचं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी असतं.

सगळंच स्वयंपाकघर मात्र मी स्वीकारलेलं नाही. अंडं लावून बंबातलं कढत पाणी घेतलं की ते केसांतच शिजतं, मग एकेक कण वेचत बसावं लागतं. कुस्करलेल्या केळ्याचंही तेच. लिंबाचा रस सरळ लावून उन्हात बसू नये, केसाचा रंग उतरतो आणि कातडी भाजते. खायचा सोडा तर केसांच्या जवळही नको, तो अल्कधर्मीच. कोंडा असेल तर तेल टाळूला चोळू नये, कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. ते फक्त केसांच्या लांबीला लावावं. आणि केस अचानक राठ होऊन गळायला लागले, बरोबर थकवा, अंगावर सूज, पाळीत बदल दिसले, तर मेथ्या भिजवत बसू नका. थायरॉइड आणि रक्त तपासून घ्या.

 मेथीचा लेप कसा करायचा ते विचारेल तिला सांगते, त्याचे पैसे घेत नाही.

वखारमालकांना एक विनंती आहे. तंबाखू चाळण्याचं किंवा मिसळण्याचं काम जिथे चालतं तिथे कामगारांना धुण्याची सोय मालकानं करून द्यायची, हे १९६६ सालच्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. वखारीच्या दाराशी पुरेसं गोडं पाणी आणि आडोसा असलेली मोरी करून द्या. खकाणा अंगावर घेऊन बाईला घरापर्यंत जायला लावू नका.