आजीच्या गुंडाची मोड

आमच्या भंडाऱ्याला पितळेचे शहर म्हणतात. कासारांच्या हातोड्यांचा ठणठणाट ऐकतच माझे लहानपण गेले. पुढे घराघरांत स्टील आले आणि तो आवाज पुष्कळ कमी झाला. मोडीचा धंदा मात्र अजून चालू आहे. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते आणि तांबे कितीदा वितळवले तरी त्याचा कस जात नाही. त्यामुळे जुन्या भांड्याला गिऱ्हाईक कायमच असते. आपल्या भगिनींच्या घरी माळ्यावर एखादा बंब, एखादी घागर पडलेली असेलच. अडीनडीला ती बाहेर काढावी लागते. तेव्हा आपल्या पदरात काय पडते, यावर थोडे लिहिते.

२०२३ साली दिवाळीच्या आधी माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता भरायचा होता. घरात तीन गोष्टी होत्या. एक बंब, एक आजीचा गुंड आणि माझ्या मिस्टरांनी मोटारींचे वाइंडिंग करता करता पोत्यात साठवलेली जुनी तार. मिस्टर आता नाहीत.

गुंडाविषयी सांगितले पाहिजे. इतर भागांतल्या वाचकांसाठी म्हणून सांगते, गुंड म्हणजे पाणी भरायचे मोठे धातूचे भांडे. माझी आजी विड्या वळायची. आमच्या भागात घरोघरी बायका तेच काम करीत. तेंदूची पाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजार विड्या झाल्या की मजुरी, आणि त्यातूनही खराब म्हणून मूठभर बाजूला काढलेल्या. त्या मजुरीतून पैसा पैसा मागे टाकून तिने १९५७ साली तांब्याचा गुंड घेतला आणि गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी स्वतःचे नाव आणि साल घालून घेतले. त्याआधी घरात मातीचीच मडकी होती. लहानपणी मला वाटायचे की गरिबी, दुसरे काय. पुढे बाबासाहेबांचे ‘जातिनिर्मूलन’ वाचले. १९३६ साली छापलेल्या त्या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावची हकिगत आहे. तिथल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. भांडे त्यांचे, पैसा त्यांचा, मार मात्र त्यांनाच. ते वाचल्यावर आजी तो गुंड राखेने आणि चिंचेने इतका का घासायची, याचा मी वेगळा विचार करू लागले.

तर विकायला निघण्याआधी मी दोन दिवस तयारी केली. बंबाची पितळी तोटी काढली, आतली लोखंडी जाळी काढली. लोखंड राहिले तर सगळेच लोखंडाच्या भावात ओढायला दुकानदार मोकळा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, ही साधी परीक्षा घरी करता येते. तारेचेही निवडून घ्यावे लागते. हल्ली पुष्कळ मोटारींत ॲल्युमिनियमची तार असते, वरून लाखेच्या रंगामुळे ती तांब्यासारखीच दिसते. ब्लेडने खरवडली की पांढरी निघते. प्लॅस्टिकच्या वेष्टनाची तार जाळून साफ करायची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे, तिला माझा साफ विरोध आहे. तो धूर विषारी असतो आणि तो लागतो वस्तीतल्या पोरांना. शिवाय जळालेली तार काळी पडते, भाव कमी येतो. मी आणि मुलीने ब्लेडने सोलली. बोटे दुखली, एवढेच.

मग ओळखीच्या किराणा दुकानात वजन करून घेतले. गुंड आणि बंब मिळून बरोबर १० किलो, तार ४ किलो. कागदावर लिहून पदराला बांधले.

पहिल्या दुकानात शेटने गुंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“कुठून आणला?”

“घरचा आहे.”

“घरचा म्हणजे कोणाच्या घरचा? बिल हाय का?”

माझ्या आधी एक बाई पितळेची परात देऊन गेली होती. तिला असे काही विचारले नव्हते. मी गुंड फिरवून नाव दाखवले. म्हटले, “हे माझ्या आजीचे नाव, हे साल. तुमच्या दुकानाच्या आधीचा गुंड आहे हा.” तो हसला आणि काट्यावर ठेवला. तेच तांबे ९ किलो ४०० भरले! वरून किलोमागे १०० ग्रॅम घट. भाव ५४०. मी तोंडीच हिशेब केला, साडेचार हजारांच्या आसपास. काट्यावरचा पडताळणीचा शिक्का दाखवा म्हटले. वजनमापाच्या कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. शेट म्हणाला, “बाई, द्यायचा असेल तर द्या, नाहीतर न्या.”

नेला.

दुसऱ्या दुकानात ओळखपत्र मागितले आणि वहीत नाव लिहिले. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण माझ्या पुढच्या माणसाचेही लिहिले होते. केबलीच्या तारा चोरीला जातात, दुकानदाराने विचारलेच पाहिजे. सगळ्यांना विचारावे, एवढेच. तिथे १० किलो १० किलोच भरले. भांड्याला ५६०, तारेला ५९०. एकूण ७,९६० रुपये. पहिल्या दुकानात तेवढ्याच भांड्यांमागे हजाराच्या वर गेले असते.

पोऱ्याने बंब ठोकून चपटा केला. गुंडाला हात घातला तेव्हा मी थांबवले आणि नावाचा तुकडा कापून मागितला. त्याने पत्रा कापायच्या कात्रीने तो नीट कापून दिला. ४० ग्रॅम भरला. त्याचे २२ रुपये ४० पैसे दुकानदाराने हिशेबातून वजा केले, आणि ते बरोबरच होते.

साडेसात हजार फीला गेले. धाकटी बहीण अजून म्हणते, गुंड मोडीत घालायला नको होता, तिला द्यायचा होता. तिने त्याचे पैसे दिले असते का, हे मी विचारले नाही. तो नावाचा तुकडा तिने मागितला, तो देऊन टाकला.