हजेरीपट आणि मूत्रपिंड

धर्मग्रामाच्या कार्यालयात लोक नानाविध कागद घेऊन येतात. कुणाला स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कुणाला लग्नाच्या पुकारांची चिठ्ठी, तर कुणाला शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र. अलीकडच्या काही वर्षांत त्यांत एका नव्या कागदाची भर पडली आहे, तो म्हणजे आरोग्यविम्याचा. इंग्रजीतील बारीक अक्षरांची वीस-पंचवीस पाने टेबलावर ठेवून माणसे म्हणतात, ‘‘फादर, एवढं वाचून सांगा.’’ सेमिनरीत आम्हाला लॅटिन शिकविले गेले, धर्मविधिशास्त्र शिकविले गेले. विम्याच्या अटी मात्र कुणी शिकविल्या नाहीत. त्या आम्ही धर्मग्रामस्थांकडूनच शिकलो.

आमच्या वसईतील एका कुटुंबाची हकीकत येथे नमूद करावीशी वाटते. वडील रोज लोकलने अंधेरीला नोकरीस जात. मुलगा तीन वर्षांचा असताना एका सकाळी त्याचे डोळे सुजले, मग पोट, मग पाय. डॉक्टरांनी ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ असे निदान केले. या विकारात मूत्रपिंडाची चाळणी ढिली होते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात. बहुतेक मुले स्टेरॉइडने बरी होतात. परंतु विकार पुनःपुन्हा उलटतो, आणि अंगावर सूज असताना जंतुसंसर्ग झाला तर इस्पितळ गाठावेच लागते. त्या माऊलीने वर्षानुवर्षे एक व्रत सांभाळले आहे. पहाटेची लघवी परीक्षानळीत घ्यायची, तिच्यात आम्लाचे काही थेंब टाकायचे आणि नळी खिडकीच्या उजेडात धरायची. पाणी नितळ राहिले तर मुलगा शाळेत जातो. दह्यासारखे फुटले तर वहीत तशी नोंद होते. सलग तीन दिवस फुटले की डॉक्टरांकडे. ती वही आम्ही पाहिली आहे. आमच्या दफ्तरातील नोंदींहून ती अधिक निगुतीने ठेवलेली आहे.

कंपनीचा सामूहिक विमा होता, म्हणून इस्पितळाची बिले भागत होती. अशा विम्यात बहुधा जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो, हा त्याचा मोठा गुण. दोष एकच: नोकरी गेली की तोही जातो. त्यामुळे या गृहस्थांनी अधिक पगाराच्या दोन नोकऱ्या नाकारल्या. नातेवाईक त्यांना आळशी म्हणाले. खरे कारण त्यांनी फक्त घरात आणि आमच्यापाशी बोलून दाखविले. बापाच्या हजेरीपटाला मुलाचे मूत्रपिंड बांधून ठेवणारी ही व्यवस्था आम्हाला कधीच न्याय्य वाटली नाही. (आमचे बरे आहे. आमची बदली बिशपांच्या एका पत्राने होते, आणि औषधपाण्याची काळजी धर्मप्रांत वाहतो. म्हणून या विषयावर फार आवाज चढविण्याचा अधिकार आम्हाला नाही.)

ही गाठ काही आजची नाही. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ सालचा; १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे त्याचा प्रारंभ झाला. पगारातून वर्गणी कापावयाची आणि कामगाराच्या कुटुंबासही उपचार द्यावयाचे, ही कल्पना थोरच. पण तिलाही पगाराची मर्यादा आहे. जानेवारी २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये झाली. पगार मर्यादेपलीकडे गेला की काही महिन्यांनी हे छत्र मिटते. पगारवाढीचे पेढे वाटावेत की नाहीत, असा प्रश्न पडलेला कामगारही आम्ही पाहिला आहे. अमेरिकेत नोकरी सुटलेल्यास वीस वा अधिक कामगारांच्या कंपनीचा विमा साधारणतः अठरा महिने चालू ठेवता येतो, असा कायदा १९८६ साली झाला. मात्र मालकाचा वाटाही त्यानेच भरावयाचा. नोकरी नसताना तो कुठून भरावा, याचे उत्तर कायद्यात नाही.

पुढे कंपनीने यांचा विभागच बंद केला. आता नाकारण्यासारखे काही उरले नाही. नवी नोकरी मिळाली, पण ती पंधरा दिवसांनी सुरू होणार होती. तेवढ्या दिवसांत वही काय दाखवील, हे कोण सांगणार?

एक वाट मात्र होती. सामूहिक विम्यातील माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक अथवा कौटुंबिक विम्यात जाता येते, आणि आधी काढलेली वर्षे जुन्या आजाराच्या प्रतीक्षाकाळातून वजा होतात. हा प्रतीक्षाकाळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. २०२४ साली नियामकाने तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. मुलाची चार वर्षे भरलेली होती. तरीही कंपनी प्रकृती तपासते, आणि नकारही येऊ शकतो. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता यांनी अर्ज दिला. इस्पितळाची सगळी कार्डे जोडली, काहीही लपविले नाही. ‘‘फादर, दोन-तीन वेळा अॅडमिट झाला ते नाही लिहिलं तर?’’ असे त्यांनी एकदा विचारले होते. आम्ही लिहावयास सांगितले. पुढे दावा फेटाळायला लपविलेला एक कागदही पुरतो, हेही सांगितले. नोकरीचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर असताना होकाराचे पत्र आले.

त्या पंधरवड्यात नवव्या आणि दहाव्या दिवशी नळीतले पाणी फुटले. अकराव्या दिवशी नितळ झाले. घरात त्या तीन दिवसांत कुणी मोठ्याने बोलले नाही, असे त्याची आजी सांगते.

नव्या कंपनीनेही मुलाचे नाव आपल्या विम्यात घेतले. मग घरात वाद उभा राहिला. दोन-दोन विमे कशाला? स्वतःच्या विम्याचा वर्षाचा हप्ता तर पगाराला चांगलाच चिमटा घेतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तू व सेवा कर उठला, तेवढाच दिलासा. दोघे नवरा-बायको आमच्याकडे आले. वेळेवर हप्ता भरला तर केवळ दावे केले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. सोडलेला विमा पुन्हा मागावयास गेल्यास मात्र मुलाची वही पहिल्या पानापासून वाचली जाते, एवढे आम्ही सांगितले. निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला.

त्यांनी नूतनीकरणाचा हप्ता भरला. त्याच आठवड्यात मुलाच्या शाळेच्या फीसाठी पतपेढीतून कर्ज काढले. जामीन म्हणून मुलाच्या मामाची सही आहे.