मधलं पान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दुपारी बैल गोठ्यात असतात आणि माणसं पारावर. बैलांच्या शिंगांवरचा रंग ताजा असतो, पत्त्यांचा कॅट मात्र पार जुना. घामाने मऊ पडलेला, कोपरे झिजलेले. त्यातली चौकटची सत्ती कधीतरी हरवलेली असते आणि जोकरवर पेनने सात काढून तिची सोय लावलेली असते. एकजण पानं पिसत असतो. जरा जास्त वेळ पिसली की समोरून आवाज येतो, "काऊन बे, पानं लावून राह्यला का?" पिसणारा हसतो आणि कॅट पुढे करतो, "घे ना बाप्पा, काप."

या आरोपात थोडी तारीफही असते. पानं लावता येणं ही काही साधी गोष्ट नाही, आणि ती येत असेल अशी शंका घेणं म्हणजे समोरच्याच्या बोटांना मान देणं. मराठीने मात्र या कलेवर अन्याय केलाय. 'हातचलाखी' हा शब्द आता पोलिसांच्या बातम्यांतच जास्त दिसतो: हातचलाखीने एटीएम कार्ड बदललं, हातचलाखीने पोत लांबवली. खरं तर हाताची चलाखी म्हणजे हाताचं कसब. तबल्यावर चालली तर तिला दाद मिळते, पत्त्यांवर चालली तर गुन्हा दाखल होतो.

मराठी माणसाच्या मनातला जादूगार रंगमंचावरचा आहे. पुण्याच्या रघुनाथ भोपळे यांनी, म्हणजे जादूगार रघुवीर (1924–1984) यांनी, तो इथे घरोघरी पोचवला. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा पुढे नेली. झगमगता पोशाख, पेटारा, रिकाम्या टोपीतून निघणाऱ्या वस्तू, आणि सोबत मराठीतल्या खुमासदार गप्पा. अशा प्रयोगात पत्ते आले तरी पंख्यासारखे फुलून पुन्हा मिटायचे. त्याचं कारण साधं आहे. विसाव्या रांगेतून इस्पिकची राणी कोणती आणि किलवरची कोणती, हे कुणाला दिसणार? पत्त्यांची जादू वीतभर अंतरावरची आहे. एक टेबल, त्याभोवती चार-सहा माणसं. म्हणून या कलेतल्या उस्तादांची नावं बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात, आणि जादूगार मंडळींत मात्र ती घराण्याच्या गवयासारखी, कानाची पाळी धरून घेतली जातात.

असं सगळ्यात जास्त घेतलं गेलेलं नाव डाय व्हर्नन. 1894 मध्ये कॅनडातल्या ओटावात जन्म, 1992 मध्ये मृत्यू, वय 98. जादूगार त्याला 'प्रोफेसर' म्हणत. आपल्याकडच्या जत्रांमधले जादूगार ही पदवी स्वतःच नावापुढे लावून घेत. व्हर्ननला ती दुसऱ्यांनी चिकटवली. नावावर मोठे दौरे नाहीत, पेटारे नाहीत. आयुष्यातली बरीच वर्षं पोट चाललं ते कात्रीवर: समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची बाजू काळ्या कागदातून हुबेहूब कापून द्यायची. उरलेला वेळ पत्त्यांचा. उरलेला कसला म्हणा, सगळाच.

1922 सालची शिकागोच्या ग्रेट नॉर्दर्न हॉटेलातली गोष्ट जादूगार अजून सांगतात. जादूगार हुडिनी तेव्हा जगप्रसिद्ध होता आणि तरुणपणी त्याने 'पत्त्यांचा राजा' अशी स्वतःची जाहिरातही केली होती. कोणतीही करामत ओळीने तीनदा दाखवा, मी ओळखतो, हा त्याचा दावा. व्हर्ननने त्याला एक पान घ्यायला लावलं आणि त्यावर शाईने आद्याक्षरं घालायला लावली. ते पान वरून दुसरं म्हणून कॅटमध्ये सरकवलं, आणि वरचं पान उलटलं तर तेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीनाचं सात वेळा झालं. शेवटी हुडिनीच्या बायकोनेच त्याला सांगितलं की आता हार मान. व्हर्ननने ते कसं केलं, हे इथे सांगायचं नाही. या धंद्यात तेवढी एक लाज पाळतात. पण जाणकार त्या रात्रीबद्दल बोलताना युक्तीचं कौतुक कमी करतात आणि हातांचं जास्त. हात काहीच करत नव्हते असं वाटायचं, म्हणतात.

हे 'काहीच न करणं' व्हर्नन एका पुस्तकावरून शिकला. 1902 मध्ये शिकागोत लेखकाने स्वखर्चाने छापलेलं, पत्त्यांच्या टेबलावरच्या कसबाचं एक पुस्तक. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे इंग्रजी अक्षरांनी उलटीकडून वाचलं की ई. एस. अँड्र्यूज होतं, पण तो अँड्र्यूज कोण, यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. पैशांची गरज आहे म्हणून लिहितोय, असं त्याने प्रस्तावनेत बेधडक सांगून टाकलं. कोवळ्या वयात व्हर्ननने ते पाठ केलं आणि नव्वदीला टेकल्यावरही त्यावर टिपणं लिहीत होता. गुरूचं नाव-गाव ठाऊक नाही आणि शिष्य आयुष्यभर निष्ठावान. एकलव्याला निदान पुतळा कुणाचा करायचा हे तरी माहीत होतं.

आता पारावरच्या त्या 'काप'कडे परत यायला हवं. गरिबाच्या डावाला तेवढाच विमा. कुणी पानं लावून कॅटच्या तळाशी ठेवली आणि वाटताना हळूच खालून काढत असेल, तर कापल्यावर तळाची पानं मध्ये जाऊन बसतात. लबाडी संपली. निदान जगभरचे पत्तेबहाद्दर तसं समजत. कापलेल्या कॅटच्या मधोमध अडकलेलं पान, वरचं पान दिल्यासारखं सहज वाटता येईल, ही त्यांच्या लेखी दंतकथा होती.

1932 सालची महामंदी. व्हर्नन कॅन्ससमधल्या विचिटा गावात छबी कापून दिवस काढत होता. तिथल्या तुरुंगातल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याने त्याला सांगितलं की कॅन्सस सिटीकडे एक माणूस मधून पान देतो. बुलढाण्याहून नागपूर जेवढं लांब, साधारण तेवढा तो पल्ला. ज्याच्यासमोर हुडिनीने हात टेकले होते, तो हा माणूस आता जुगाराच्या अड्ड्यांवर एका अनोळखी माणसाची चौकशी करत फिरू लागला. लोक टाळत होते. अशी चौकशी बहुधा पोलिसच करतात. शोध संपला मिझुरीतल्या प्लेझंट हिलमध्ये, आपल्या चिखली-मेहकरपेक्षा कितीतरी लहान गावात. व्हर्नन सांगायचा की गावातल्या मोठ्या माणसांनी कानांवर हात ठेवले आणि आइस्क्रीम खाणाऱ्या एका पोरीने घर दाखवलं.

घर ॲलन केनेडीचं. आरशासमोर बसून त्याने वर्षानुवर्षं ते एकच पान घोटलं होतं. व्हर्ननसमोर त्याने कॅट धरला, वाटला, आणि मधलं पान आलं. आवाज नाही, बोटांची हालचाल नाही. व्हर्ननने ही गोष्ट पुढे साठ वर्षं सांगितली आणि प्रत्येक वेळी श्रेय केनेडीलाच दिलं. आज जादूगार त्या कसबाला केनेडीचंच नाव देतात. पण केनेडीपुढे एक पेच होताच. त्याची कला दिसली तर मार खायचा, आणि न दिसली तर दाद कोण देणार? हुडिनीला हरवणारा माणूस तीनशे किलोमीटर तुडवत दाराशी आला, तेव्हा त्याला पहिला खरा प्रेक्षक मिळाला असेल.

अर्जेंटिनाच्या जादूगार रेने लावांदचं उलट होतं. नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गेला. पत्त्यांची सगळी पुस्तकं दोन हातांसाठी लिहिलेली. त्याने डाव्या हाताचं शास्त्र स्वतः रचलं आणि वेग बाजूला ठेवून मुद्दाम सावकाश, आणखी सावकाश करत प्रयोग दाखवले. 2015 मध्ये तो गेला. त्याची खिशात ठेवलेली उजवी बाही आणि टेबलावर एकेक करून पडणारी पानं ज्यांनी चित्रफितीत पाहिली आहेत, त्यांना सफाई म्हणजे चपळाई असं पुन्हा म्हणवत नाही.

व्हर्ननच्या मागे घर सोडून गेलेला चौदा वर्षांचा एक पोरगाही होता, पर्सी डायकोनिस. पुढे तो स्टॅनफर्डमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, हा खरा प्रोफेसर. 1992 मध्ये, म्हणजे व्हर्नन गेला त्याच साली, त्याने डेव्ह बायर या गणितज्ञाबरोबर दाखवून दिलं की दोन गठ्ठे करून अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत मिसळले, तर बावन्न पानं नीट विस्कटायला सात वेळा पिसणं पुरतं. आपल्या पारावर पिसतात तसं, हातावर थोडी थोडी पानं सोडत गेलं तर मात्र आकडा हजारोंच्या घरात जातो.

पारावर कुणी हजार वेळा पिसत नाही. पाच-सहा वेळा पिसतात, कापतात, वाटतात. मेंढीकोटच्या मागच्या डावातले हात जसे गोळा झाले, तसेच तुकड्या-तुकड्यांनी पुढच्या डावात येतात. चौघांतला सगळ्यात म्हातारा आपली पानं लावून बघतो. बदामाची दश्शी गेल्या डावात राजाच्या खाली गेली होती. राजा त्याच्या हातात आलाय, म्हणजे दश्शी कुणाकडे, याचा हिशेब तो करतो. पिसणाऱ्याच्या बोटांकडे एकदा बघतो, तंबाखूची चिमूट ओठात सरकवतो आणि काही न बोलता उतारी करतो.